आईला गावाहून दर वेळी पुण्यात आणण्यापेक्षा व्हिडिओवर डॉक्टरांना दाखवणं स्वस्त पडतं का?

शुगर-बीपीच्या फेरतपासणीसाठी असेल तर हो. पण नुसती फी बघू नका, तिथेच गफलत होते.

आमची आई जुन्नरला असते. तिचे डॉक्टर व्हिडिओवरही तेवढीच फी घेतात, म्हणजे तिथे बचत शून्य. एसटीचंही फार वाचत नाही, कारण २०२३ पासून बायकांना अर्धंच तिकीट आहे. खरा खर्च माझा होतो: सुट्टी टाकायची, तिला आणायला वाकडेवाडीच्या एसटी स्टँडवर जायचं, मग रिक्षा, दवाखान्यात दोन तास ताटकळायचं. नंबर लागल्यावर डॉक्टर बघणार पाच मिनिटं! आता ती रक्त जुन्नरलाच तपासते, मी रिपोर्ट मोबाइलवर पाठवतो आणि जेवणाच्या सुट्टीत काम उरकतं.

उलटी बाजूही आहे. एकदा पाय सुजला होता. व्हिडिओवर डॉक्टर म्हणाले, "हात लावून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही." फी गेली ती गेलीच, वर पुण्याची खेप झालीच. त्यामुळे नवं दुखणं, सूज, छातीत दुखणं असलं काही असेल तर सरळ प्रत्यक्ष दाखवा. शिवाय २०२० च्या सरकारी नियमांनुसार झोपेच्या-नशेच्या काही कडक नियंत्रणातल्या गोळ्या व्हिडिओवरच्या सल्ल्यावर लिहून देता येत नाहीत.

फी वाचवायचीच असेल तर सरकारची ई-संजीवनी ही ऑनलाइन डॉक्टरी सल्ल्याची सेवा फुकट आहे. फक्त आपलेच नेहमीचे डॉक्टर मिळतील असं नाही, आणि आईला तेच हवे असतात.