भुईआवळी आणि कावीळ: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पावसाळ्यात बांधावर भुईआवळी उगवली की तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात. नेहमीचे इथे घेतो.

भुईआवळी ओळखायची कशी?

पानांच्या ओळीखाली बारीक हिरव्या फळांची रांग दिसते. पण तिच्यासारख्या दिसणाऱ्या इतर वनस्पतीही त्याच रानात असतात. जाणकाराला दाखवल्याशिवाय उपटू नका. गटाराकाठची किंवा फवारणी झालेल्या शेतातली नकोच.

काविळीत हळद बंद करायची का?

नाही. पिवळं खाऊन कावीळ वाढत नाही.

यजमानांचे डोळे आठवडाभर पिवळे आहेत. रोज ताकातून भुईआवळी वाटून देते. रक्त तपासायला हवं का?

आजच तपासा. कावीळ हे लक्षण आहे, त्यामागचं कारण शोधावं लागतं. दूषित पाण्यातून होणारी ‘ए’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या दिवसांत जो पाला पोटात गेला, त्याचं नाव होतं आणि मग शेजारपाजारचे तोच सुचवतात. पित्तनलिकेत खडा अडकला असेल, लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) असेल, तर हा पाला काय करणार? शौचाला पांढुरकं होणं आणि अंगाला खाज सुटणं ही पित्ताची वाट अडल्याची खूण असू शकते. गुंगी, असंबद्ध बोलणं, हिरड्यांतून रक्त, न थांबणाऱ्या उलट्या यांपैकी काहीही दिसलं तर थेट रुग्णालय गाठा. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ‘ई’ जिवावर बेतते. मी वैद्य आहे, भूम्यामलकी (म्हणजे हीच भुईआवळी) मीही देतो, पण बिलिरुबिन, एसजीपीटी, पीटी-आयएनआर या यकृताच्या व रक्त गोठण्याच्या तपासण्या आणि सोनोग्राफीचे अहवाल पाहूनच. उशीर झालेला रुग्ण समोर आला की फार वाईट वाटतं.

भुईआवळीच्या कॅप्सूलने ‘हिपॅटायटिस बी’ कायमचा जातो, अशी जाहिरात पाहिली. घेऊ का?

1988 साली मद्रासच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की भुईआवळी दिलेल्या ‘बी’च्या 37 वाहकांपैकी (ज्यांच्या अंगात विषाणू टिकून असतो असे लोक) 22 जणांच्या रक्तात विषाणूचं प्रतिजन, म्हणजे त्याची खूण असलेलं प्रथिन, नंतर सापडलं नाही. पुढच्या चाचण्यांत हा गुण दिसला नाही. विक्रेते पहिलं छापतात, दुसरं गाळतात. ‘बी’वरच्या चालू गोळ्या मनाने थांबवू नका, आजार उसळतो. यकृततज्ज्ञांना विचारा.

चार दिवसांचं बाळ पिवळं दिसतंय. रसाचा एक थेंब चालेल?

अजिबात नाही. अंगावर पाजत राहा आणि आजच बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

मधुमेहाच्या गोळ्यांसोबत घेतली तर?

साखर जास्त उतरू शकते. गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा.