ग्वांगझौचे सेक्रेड हार्ट कॅथेड्रल कोणी आणि कसे बांधले?

ब्रिटन व फ्रान्सने चीनविरुद्ध लढलेल्या दुसऱ्या अफू युद्धात लिआंगग्वांगच्या, म्हणजे दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग व ग्वांगशी प्रांतांच्या, व्हाइसरॉयचा वाडा उद्ध्वस्त झाला आणि पुढे तीच जागा फ्रेंच मिशनच्या हाती आली. तेथे बिशप गिलमँ यांच्या पुढाकाराने १८६३ मध्ये सुरू झालेले बांधकाम १८८८ मध्ये पूर्ण झाले. आराखडा फ्रेंच गॉथिक शैलीचा असला, तरी भिंती, खांब आणि सुमारे ५८ मीटर उंचीचे जुळे मनोरे हे सारे ग्रॅनाइटचे असून, तो दगड हाँगकाँगजवळच्या काउलूनहून जलमार्गाने आणून चिनी पाथरवटांनी हाताने घडवला. त्यांचे प्रमुख त्साय श्याओ यांचे नाव फ्रेंच वास्तुविशारदांइतक्याच आदराने घेतले गेले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. मूळ रंगीत काचा पुढे नष्ट झाल्या; २००४ ते २००६ दरम्यानच्या जीर्णोद्धारात नव्या बसवण्यात आल्या.