सुबाभूळ, निलगिरी, येडी बाभूळ: खानावळीच्या चुलीला हे जळण चालेल का?

तुम्ही विचारलंय की जुळे सोलापुरात चुलीवरच्या जेवणाची खानावळ काढताय, वखारवाला बाभळीच्या जळणाचा भाव चढा सांगतोय आणि त्याऐवजी सुबाभूळ, निलगिरी नाहीतर येडी बाभूळ घ्या म्हणतोय, तर घ्यावं का. घ्या. फक्त ओलं घेऊ नका.

आमच्या घरी कडक भाकरीचा धंदा आहे. रोज दोनशेच्या आसपास भाकऱ्या निघतात, त्यामुळे जळणाशी रोजचा संबंध. सासूबाई पहिल्यापासून बाभळीच्या. चार-पाच वर्षांपूर्वी स्वस्त मिळाली म्हणून मी टेम्पोभर सुबाभूळ आणली, नुकतीच तोडलेली. चुलीत सारली की दुसऱ्या टोकाला फेस यायचा, सूंऽऽ आवाज, आणि घरभर धूर. फुंकून फुंकून जीव गेला. त्या दिवशीच्या भाकरीला धुराचा वास लागला, एका दुकानदारानं सगळा माल परत पाठवला. सासूबाई म्हणाल्या, ‘‘सांगितलं हुतं न्हवं? ह्ये जनावराच्या तोंडचं झाड, चुलीच्या तोंडचं न्हाई.’’

मला ते लागलं. त्याच लाकडातलं 10 किलो फोडून गच्चीवर टाकलं, पिठाच्या काट्यावर मोजून. मार्च महिना होता. मेअखेरीस तेच लाकूड साडेसहा किलो भरलं. म्हणजे साडेतीन किलो पाणी मी लाकडाच्या भावानं घेतलं होतं. आणि ती वाळलेली सुबाभूळ चुलीत घातली तर असा स्वच्छ जाळ, की सासूबाई काही बोलल्याच नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे पावती.

खरी गोष्ट अशी की खडखडीत वाळलेल्या एक किलो लाकडात उष्णता जवळपास सारखीच असते, साधारण 4500 किलोकॅलरी. मग ती बाभूळ असो की सुबाभूळ. फरक आहे तो भरीवपणाचा. बाभळीचा ओंडका तेवढ्याच जागेत जास्त वजन घेऊन बसतो, म्हणून जास्त वेळ जळतो. पण वखारीत माल वजनावर मिळतो, ढिगावर नाही. तेव्हा हलक्या लाकडात तुम्ही फसत नाही, ओल्या लाकडात फसता. एक किलो पाण्याची वाफ करायला 600 किलोकॅलरीच्या वर जातात. त्याहून मोठं नुकसान म्हणजे चूल थंड पडते आणि लाकडातला वायू न जळताच धूर होऊन निघून जातो. तोच धूर तुमच्या आचाऱ्याच्या डोळ्यांत.

आता चुलीकडं बघा. आमची भाकरी आधी तव्यावर, तिथं जाळ लागतो. मग ती चुलीच्या तोंडाशी उभी करून शेकायची आणि हळूहळू कडक करायची, तिथं आर, म्हणजे निखाऱ्यांची धग, लागते. सुबाभूळ जाळ देते पण तिचे निखारे लवकर राख होतात. म्हणून मी आत बाभळीचा एक जाड बुडखा ठेवते आणि पुढून सुबाभळीच्या ढलप्या सारते. खानावळीलाही हेच करा. आमटी, पिठलं, भाकरी यांना जाळ. मटणाचा रस्सा रटरटत ठेवायला आर.

निलगिरी ओली असतानाच फोडून घ्या, वाळल्यावर ती कुऱ्हाडीला दाद देत नाही. पेटते पटकन. आमच्याकडं तिचा बंबफोड करून पाण्याच्या बंबाला जातो. गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया, बांधावरचं मिळालं तर सोडू नका, त्याचं जळण चांगलं. शेवगा आणि पांगारा मात्र फुकट दिला तरी नको. पेटवणाला तुरकाट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काटक्या, बऱ्या.

येडी बाभूळ हे खरं सोलापूरचं जळण. माळावर, ओढ्याला, रेल्वे रुळाच्या कडेला, जिथं बघाल तिथं. लोक तिला शिव्या देतात, कारण काटा चपलेतून पायात जातो आणि ठणका दोन दिवस राहतो. पण वेगानं वाढूनही तिचं लाकूड भरीव असतं, आर टिकतो, आणि तोडली तरी बुडातून परत फुटते. मूळची ही अमेरिका खंडातली. बाभूळ आणि येडी बाभूळ शेजारी ठेवून पेटवली तर स्वयंपाक करणारीला फरक कळणार नाही, हे माझं मत. तोडताना हळहळूही नका: नान्नजच्या माळढोक अभयारण्यासारख्या भागात उघडा गवताळ माळच हवा असतो, तिथं असली झाडं पसरली की माळढोकाची जागाच जाते. अभयारण्यातलं तोडायला मात्र जाऊ नका, तो वन विभागाचा विषय. आणि कुणी चिंच, आंबा, जांभूळ स्वस्तात तोडून देतो म्हणाला तर लांब राहा. ही झाडं 1964 च्या झाडतोडीच्या कायद्याच्या यादीत आहेत, परवानगी लागते.

वाळलंय की नाही हे वखारीत असं बघा. दोन तुकडे एकमेकांवर आपटा. टणटणीत आवाज आला तर घ्या, ‘थप्प’ झालं तर ओलं. कापलेल्या तोंडाला मधून बाहेर जाणाऱ्या चिरा हव्यात, साल नखानं सुटायला हवी. शक्य असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये ओलं स्वस्तात उचला, मनगटाएवढं फोडा, विटांवर रचा, वरून पत्रा टाका आणि बाजू उघड्या ठेवा. ताडपत्रीत गुंडाळलं तर आत बुरशी. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाला दुसरं काम काय! सुबाभूळ वर्षाच्या आत संपवा, भुंगा पोखरून तिचं पीठ करतो.

एक राहिलं. फाट्यांच्या ढिगात कण्हेर आली तर बाजूला काढा, चुलीत घालू नका. तिचा धूरही विषारी असतो. रंग दिलेल्या जुन्या फळ्या आणि प्लायवूडचे तुकडेही तसेच, वखारवाला वजनाला भर म्हणून हमखास घालतो.