ताट सोडून उठलेला भाऊ

तुमचं पत्र दोनदा वाचलं. भाऊ ज्या धोरणाची बाजू घेतो, त्याची झळ तुमच्या जिवलग मैत्रिणीला बसलीय. जेवता जेवता तुम्ही त्याला म्हणालात, "तुझ्या मनात द्वेषच भरलाय." तो ताट सोडून उठला. त्याला चार महिने झाले, अबोला कायम. आणि तुमचा प्रश्न असा, की द्वेष नसेल तर असल्या गोष्टीला कोणी पाठिंबा देईल का?

देतात हो, सर्रास देतात. अमेरिकेतला १९८६ चा अमली पदार्थविरोधी कायदा घ्या. ५ ग्रॅम क्रॅक, म्हणजे ओढायचे कोकेनचे खडे, विकताना सापडलं, की किमान पाच वर्षं कैद. कोकेनची पूड असेल, तर तेवढ्याच शिक्षेला ५०० ग्रॅम लागत. मूळ पदार्थ एकच! क्रॅकच्या खटल्यांत शिक्षा झालेले बहुतेक कृष्णवर्णीय होते. पण कायद्याला पाठिंबा देणाऱ्यांत कृष्णवर्णीय खासदारही होते, कारण त्यांच्याच वस्त्या व्यसनानं पोखरल्या जात होत्या. त्यांनाही द्वेष्टे म्हणायचं का? शंभरपटीचा हा फरक अठरापटीवर यायला २०१० साल उजाडलं.

म्हणजे भाऊ बरोबर, असं मी म्हणत नाही. चुकून पाय पडला तरी बोट ठेचायचं ते ठेचतंच. उघड द्वेषातून केलेले कायदेही जगानं पाहिलेत. पण २०१४ च्या एका संशोधनात अमेरिकेतले दोन्ही पक्षांचे समर्थक हेच सांगत होते, की आम्ही आपल्या माणसांच्या प्रेमापोटी भांडतो, समोरचे द्वेषापोटी. इस्रायली आणि पॅलेस्टिनी लोकांचंही तेच. तुमचा भाऊही तुमच्याबद्दल असंच काही धरून बसला असेल.

खरं सांगू? द्वेषाचा शब्द काढून तुम्ही त्याची सोयच केलीत. धोरणावर उत्तर देणं त्याला जड गेलं असतं. "मी असा नाहीये" म्हणून उठून जाणं सोपं होतं.

तेव्हा त्या एका वाक्याची माफी मागा, मताची नको. मग मैत्रिणीला विचारून, तिची हरकत नसेल तर, तिच्यावर काय गुदरलं ते त्याला सांगा. कोणता कागद अडला, त्यापायी तिचं काय गेलं, एवढंच. पक्ष आणि पुढारी मध्ये आणू नका. (चार महिन्यांचा उमाळा आहे, जमणं कठीण. तरी बघा.)

सगळं ऐकून तो गप्प बसला, तर बसू द्या. पण "त्याला मी काय करू?" म्हणाला, तर मला पुन्हा लिहा. तेव्हाचं माझं उत्तर इतकं मवाळ नसेल.