तिला माती हवी आहे की अक्षर?

ताई, नमस्कार.

बारावी विज्ञानाला असलेली तुमची मुलगी रोज एक देवनागरी अक्षर मातीत घडवते, घरातल्या खिडक्या त्या अक्षरांनी भरून गेल्यात, आणि तिच्या बाबांना वाटतं की ऐन परीक्षेच्या वर्षी हा वेळ वाया चाललाय. याचं पुढे काही होईल का, असं तुम्ही विचारलंय.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंमधल्या ‘ळ’पाशी मी बराच वेळ थांबलो. पहिल्या दोन ‘ळ’ना दोन वाटोळी जिथे भेटतात तिथेच तडा गेलाय. माती वाळताना आणि भाजताना मिळून साधारण १० ते १२ टक्के आटते. बारीक भाग आधी वाळतो, जाड मागे राहतो आणि सगळी ओढ सांध्यावर येते. तिसऱ्या वेळी तिने सांध्यावर मातीचा लिंपा दिला नाही. वाटोळी मोकळी केली, जाडी सगळीकडे सारखी ठेवली. तो ‘ळ’ टिकला, आणि दिसतोही देखणा. अडचण आली तेव्हा तिने अक्षराचं वळण नव्याने शोधलं. डिझाइनचं शिक्षण हेच शिकवतं, म्हणून मी हा वेळ वाया गेला असं अजिबात म्हणणार नाही.

आता तिचा ओढा नेमका कशाकडे आहे ते बघा. अक्षराकडे असेल तर मुंबईचं सर ज. जी. उपयोजित कला महाविद्यालय आणि आयआयटी मुंबईचं आयडीसी हे डिझाइनचं शिक्षणकेंद्र, या जागा आहेत. कॉम्प्युटरवरचा ‘मंगल’ फॉन्ट करणारे र. कृ. जोशी आयडीसीतच शिकवत. तिथल्या पदवीसाठी ‘यूसीड’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ती साधारण जानेवारीत असते, अर्ज त्याच्या काही महिने आधी. मातीकडे असेल तर अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, सिरॅमिक आणि काच डिझाइन ही स्वतंत्र शाखा आहे. पुदुच्चेरीला गोल्डन ब्रिज पॉटरी हा मातीकामाचा स्टुडिओ १९७१मध्ये सुरू झाला. आपल्याकडचे कितीतरी स्टुडिओ कुंभार तिथे घडले.

पैशाचं स्पष्ट सांगतो. मातीकामात जम बसायला वर्षं जातात, भट्टी महाग असते, आणि बरेचजण वर्ग घेऊन, हॉटेलांसाठी भांडी करून घर चालवतात. अक्षरांच्या बाजूला जाहिरात, ब्रँडिंग, ॲप अशा नोकऱ्या लवकर मिळतात.

तडकलेली अक्षरं फेकू देऊ नका. प्रत्येकाचा फोटो, तारीख, कोणती माती, जाडी किती, काय बिघडलं हे वहीत लिहायला सांगा. पुढे कुठे आपलं काम दाखवायची वेळ आली तर पोर्टफोलिओ म्हणून ही वही फार उपयोगी पडेल. बोर्डाच्या परीक्षेपर्यंत अक्षरं अंगठ्याएवढी करावीत, अर्ध्या तासात उरकतील. पण बंद करू नये.

परीक्षा झाली की तिला एखाद्या चालू भट्टीवर आठवडाभर पाठवा. माती मळणं, भट्टी लावणं, राख झाडणं, सगळं करू दे. मग पुढचं पत्र तिनेच लिहावं. बाबांनीही त्यात आपले प्रश्न घालावेत.