मेकॅनिकलमधून सिस्टिम्स अँड कंट्रोलला एम.टेक. झेपेल का? गेट पुन्हा द्यावी लागेल का?

झेपेल, आणि मेकॅनिकलचाच गेट स्कोअर चालतो. आयआयटी मुंबईच्या सिस्टिम्स अँड कंट्रोलला तरी तो ग्राह्य धरतात. (स्कोअर तीन वर्षं वैध असतो, तेवढं वर्ष तपासा.) या विषयाला, म्हणजे यंत्रं-प्रक्रिया हव्या तशा वागवायच्या कशा याच्या अभ्यासाला, मुळात अमुक शाखेचं असं कुंपणच नाही. स्प्रिंग-मास-डॅम्परचं समीकरण तुम्ही व्हायब्रेशन्समध्ये सोडवलं, तेच इलेक्ट्रिकलवाल्यांनी आरएलसी सर्किट म्हणून सोडवलेलं असतं. इथे दोन्ही एकाच मॅट्रिक्सच्या रूपात मांडतात आणि आयगेन व्हॅल्यूंचे रिअल भाग ऋण आहेत की नाही, यावरून सिस्टिम स्थिर आहे का ते ठरवतात. म्हणजे घाम फोडतं ते गणित, सर्किट नव्हे. बी.ई.ला एम-थ्री (इंजिनिअरिंग मॅथ्सचा तिसरा पेपर) कसंबसं काढलं असेल तर प्रवेशाआधीच्या सुट्टीत एवढं उरकाच:

- लिनियर अल्जिब्रा (यालाच सगळ्यात जास्त वेळ द्या)
- लाप्लास ट्रान्सफॉर्म, डिफरन्शियल इक्वेशन्स
- प्रोबॅबिलिटी, काल्मन फिल्टर (गोंगाट असलेल्या मोजमापांवरून सिस्टिमची खरी स्थिती अंदाजायची पद्धत) आला की लागतेच

एनपीटेलवर (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सेसच्या साइटवर) यांची लेक्चर्स फुकट आहेत. प्रोग्रामिंग येता येता येतं.

एक मात्र आहे. पुढे कॉलेजात शिकवायचं मनात असेल तर असिस्टंट प्रोफेसरच्या जाहिरातीत ‘संबंधित शाखेतील’ पदवी मागतात, आणि मेकॅनिकलच्या जागेला ही एम.टेक. चालते का यावर छाननीत घोळ होऊ शकतो. कंपन्यांत सहसा हा प्रश्न येत नाही; गेटवरून भरती करणाऱ्या सरकारी कंपन्या तर बी.ई.ची शाखा बघतात.