ग्राफिक्स कार्डाआधी क्रेडिट कार्ड

चिंचवडच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय २८, हातात येणारा पगार ४६ हजार. गेमिंगसाठी आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड घ्यावं की आरएक्स ६६००, एवढंच त्यांना विचारायचंय. दुकानदारानं पहिल्याचे २९,५०० आणि दुसऱ्याचे २१,५०० सांगितलेत. क्रेडिट कार्डावर बारा महिन्यांचा ‘नो कॉस्ट ईएमआय’, म्हणजे बिनव्याजी म्हणवला जाणारा हप्ता, मिळतोय. पुढे यूट्यूबवर गेमिंगचं चॅनल काढून पैसे वसूल करू, असंही ते लिहितात. सोबत कार्डाच्या बिलाचा फोटो आहे, ‘मी मिनिमम ड्यू (दरमहा भरावीच लागणारी किमान रक्कम) कधीच चुकवत नाही’ हे दाखवायला.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तुमचा मॉनिटर १०८०पी, ७५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ७५ फ्रेम्स (चित्रं) दाखवणारा. त्याला आरएक्स ६६०० पुरतं. दोन्ही कार्डांत मेमरी ८ जीबीच आहे. वरचे आठ हजार देऊन मिळणाऱ्या जादा फ्रेम्स हा मॉनिटर बहुतेक वेळा दाखवूच शकणार नाही. फक्त तुमच्या एसएमपीएसला, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागाला, आठ पिनची वायर आहे का, ते कॅबिनेट उघडून बघा. आणि दुकानदार स्वस्तात आरटीएक्स ३०५० पुढे करू लागला तर ६ जीबीचं की ८ जीबीचं, हे आधी विचारा. नाव एकच असलं तरी ६ जीबीवाल्यात नुसती मेमरी कमी नाही, चिपही कमी ताकदीची आहे. हे न सांगता विकणाऱ्यांची मला चीड येते.

आता त्या बिलाकडे वळतो. एकूण देणं ९० हजार, मिनिमम ड्यू ४,५००. त्याखाली बारीक अक्षरात ‘फायनान्स चार्जेस’ची ओळ आहे, ती तुम्ही वाचलेली दिसत नाही. महिना साडेतीन टक्क्यांनी ३,१५० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,७०० च्या आसपास. तुम्ही भरता त्या साडेचार हजारांतले जेमतेम आठशे मुद्दलात जातात. वर्षाचं व्याज, जीएसटी धरून, जवळपास ४४ हजार! या पैशात दरवर्षी दोन आरएक्स ६६०० आली असती. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. किराणा स्वाइप केला तरी त्याच दिवसापासून व्याज सुरू. त्यात ईएमआय घेतलात तर त्याचा पूर्ण हप्ता मिनिमम ड्यूमध्ये येतो, म्हणजे साडेचारचे सहा-सात हजार होतील. नो कॉस्ट म्हणताना व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच खिशातून जाते, ते वेगळंच.

हे ९० हजार झाले कसे? पत्राच्या शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की विमा पॉलिसीचे प्रत्येकी ४० हजारांचे दोन वार्षिक हप्ते याच कार्डावर भरले. बँकेतल्या माणसानं ‘एफडीसारखीच आहे, वर टॅक्सही वाचतो’ म्हणून दिलेली, वीस वर्षांची पॉलिसी. असल्या पॉलिसीतून हाती साधारण पाच-सहा टक्के पडतात आणि ती तुम्ही ४२ टक्क्यांच्या उसन्या पैशानं चालवताय. कव्हर चार लाखांचं. आईवडील तुमच्यावर अवलंबून असताना चार लाख किती दिवस पुरतील? साध्या टर्म प्लॅनमध्ये, म्हणजे बचत नसलेल्या निव्वळ विम्यात, तुमच्या वयाला वर्षाला दहा-बारा हजारांत एक कोटीचं कव्हर मिळतं. ही पॉलिसी एफडी म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे.

तिसरा हप्ता कार्डावर अजिबात भरू नका. सरेंडर केल्यास (पॉलिसी बंद करून पैसे परत घेतल्यास) किती मिळतील आणि पेड-अप केल्यास (पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेची पॉलिसी चालू ठेवल्यास) काय, हे विमा कंपनीकडून लेखी मागवा, बँकेतल्या त्या माणसाकडून नको. दोनच हप्ते झालेत, बरेचसे पैसे बुडतील, हे मान्य. पण अजून अठरा हप्ते, म्हणजे सात लाख वीस हजार, भरायचे बाकी आहेत.

तुमची दीड लाखाची एफडी सात टक्क्यांवर आहे, ‘अडचणीला’ म्हणून ठेवलेली. अहो, अडचण आली आहे! त्यातले ९० हजार काढून क्रेडिट कार्डाचं देणं या आठवड्यात फेडा. वर्षाचं ६,३०० रुपये व्याज जाईल, मुदतीआधी मोडल्याचा थोडा भुर्दंड बसेल, पण ४४ हजार वाचतील. उरलेल्या साठ हजारांना हात लावू नका.

यूट्यूबचं म्हणाल तर, नेहमीच्या व्हिडिओंवर जाहिरातींचा वाटा सुरू व्हायलाच हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तासांचा वॉचटाइम लागतो. आवड म्हणून जरूर करा, पण ती कमाई हिशेबात धरू नका.

कार्ड फेडल्यावरही पुढच्या बिलात मधल्या दिवसांचं थोडं व्याज लागून येईल. घाबरू नका, तेही पूर्ण भरा. त्यानंतरच्या बिलात फायनान्स चार्जेस शून्य दिसले की तेच साडेचार हजार दरमहा बाजूला टाका. पाच महिन्यांत साडेबावीस हजार होतात. मग दुकानात रोख घेऊन जा आणि तेव्हाचा भाव नव्यानं विचारा.